मोठ्या काकांची गुप्त हत्यारं

४ फेब्रुवारी, दुपार

आजपासून लिहायचं ठरवलंय. कोणी वाचावं म्हणून नाही. या घरात बोलून उपयोग नाही म्हणून.

मोठे काका जाऊन महिना होत आला. कोणाला काही पडलेलं नाही. आईने सकाळी त्यांची गादी उन्हात टाकली आणि दुपारी ती शेजारच्या वॉचमनला देऊनही टाकली. मी काही बोललो नाही. मनात नोंद केली.

पप्पा म्हणाले, काकांची खोली एक तारखेपासून भाड्याने जाणार. नवरा-बायको बघूनही गेले. दोघं भिंतींवर टकटक करत होते, जसं काही भिंत आतून "या" म्हणणार आहे. सध्या मी तिथेच झोपतो, मग मी कुठे झोपायचं, असं आईकरवी विचारलं. पॅसेजमध्ये, म्हणाले. पॅसेजमध्ये रेंज येत नाही. हा विचार कोणी केलेला नाही.

दुसरी बातमी त्याहून वाईट. एक तारखेपासून मीही जाणार, दाजींच्या शेडवर. दाजी म्हणजे ताईचा नवरा. लोखंडी गेट आणि ग्रिल बनवतात. मला "म्यूट" म्हणतात. कारण मी त्यांच्याशी बोलत नाही. मी खरं तर कोणाशीच बोलत नाही, पण ते त्यांनी पर्सनली घेतलंय.

आज एवढंच काम दिलंय, की काकांच्या कॉटखालची ट्रंक रिकामी करायची. पप्पा म्हणाले, साहेब दिवसभर घरीच असतात, साहेबांना जमेल. शाळा सोडल्यापासून मी साहेब आहे.

४ फेब्रुवारी, संध्याकाळ

ट्रंक उघडली. वर कसर लागलेले दोन स्वेटर. एक बेल्ट. खाली कॅनव्हासची गुंडाळी, चामड्याच्या पट्ट्यांनी आवळलेली. सोडली तर आत कप्पेच कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात एक हत्यार. तेलाचा वास. एकावरही गंज नाही.

काका लष्करात होते हे माहीत होतं. पण हे माहीत नव्हतं.

एक चाकू, त्याचं टोक आकड्यासारखं आत वळलेलं. एक मोठी पकड, तोंड गोल, आणि दाबली तरी पूर्ण मिटत नाही. एक लांब सळई, टोकाला खरबरीत चौकोनी तुकडा. हातभर लांब कानस. एक बुटका हातोडा. आणि शेवटच्या कप्प्यात लाकडी दांडका, त्याच्या टोकाला भोक पाडून दोरीचा फास ओवलेला.

फास.

आयुष्याला वळण लागतं तेव्हा माणसाला आतून कळतं. मला कळलं.

५ फेब्रुवारी

आईला विचारलं. आई भांडी घासत होती, मान वर न करता म्हणाली, अरे ते खेचरांना नाल ठोकायचे ना, त्याचं सामान असेल. डोंगरात जिथे गाडी जात नाही तिथे लष्कराचं ओझं खेचरं नेतात, त्या खेचरांच्या पायात नाल नको का. आयुष्य गेलं त्यांचं खुरात डोकं घालून.

ऐकून घेतलं. लष्कराकडे रणगाडे आहेत, विमानं आहेत, आणि आमचे काका खेचरं. विचार करणाऱ्या माणसाला हे पटणार नाही. गुप्त काम करणाऱ्याला घरी काहीतरी खोटं सांगावंच लागतं, आणि ते इतकं कंटाळवाणं असावं लागतं की कोणी पुढे विचारणार नाही. खेचर परफेक्ट आहे. काकांना मानलं.

मग पाय? काका लंगडायचे. आई म्हणाली, लाथ बसली होती. मी म्हटलं (मनात), सुरुंग.

६ फेब्रुवारी

शास्त्रीय पद्धतीने ओळख सुरू. वळलेला चाकू: तारा कापण्यासाठी, शत्रूच्या. न मिटणारी पकड: बॉम्बचा फ्यूज धरण्यासाठी. मिटत नाही कारण फ्यूज चिरडता कामा नये. हे मला कोणी सांगितलेलं नाही, माझं मला सुचलं. लांब सळई: जमिनीत खुपसून सुरुंग शोधायला. कानस: तुरुंगातून पळण्यासाठी. हातोडा: हातोडा.

दांडका आणि फास याबद्दल लिहीत नाही. उशीवर ट्राय केलं. उशी वाचली नसती.

रेकॉर्डसाठी प्रत्येक हत्याराबरोबर फोटो काढले. चेहरा आणि हत्यार एका फ्रेममध्ये. ग्रिप प्रोफेशनल ठेवली, सगळीकडे तीच: अंगठा मुठीच्या जरा वर, लोखंडावर दाबून. चाकूबरोबरचा फोटो फारच चांगला आलाय. डोळ्यांत काहीतरी आहे.

७ फेब्रुवारी

फोटो "जुनी वस्तू ओळखा" ग्रुपवर टाकले. तज्ज्ञांचा ग्रुप आहे असं ऐकलं होतं. एकाने लिहिलं, भावा, तोंड बाजूला कर, वस्तू दिसू दे. एकाने लिहिलं, दातांच्या डॉक्टरचं सामान. तिघांनी लिहिलं, नालबंदाची हत्यारं, घोडा किंवा खेचर.

खेचरवाल्या तिघांना ब्लॉक केलं. लोक एकमेकांचं बघून लिहितात.

९ फेब्रुवारी

पुरावा म्हणून सांगतो, या घरात काकांच्या सगळ्यात जवळचा मीच होतो. रोज संध्याकाळी त्यांच्या खिडकीत बसायचो, दोन-दोन तास. पूर्ण रेंज तिथेच येते. काका कॉटवर, मी खिडकीत. बोलायची गरजच पडायची नाही. त्यांनी मला कधी शाळेचं विचारलं नाही. वर्गात उभं राहून धडा वाचायला सांगितला की माझा आवाज बंद पडायचा, हे सगळ्या नातेवाइकांनी चवीने चघळलं. काकांनी नाही.

आज आठवलं, दोन-तीनदा त्यांनी ही गुंडाळी कॉटवर पसरून मला दाखवलीही होती. एकेक हत्यार उचलून काहीतरी सांगत होते. माझ्या कानात हेडफोन होते. पण ओठांवरून कळत होतं की विषय साधा नाही.

११ फेब्रुवारी

मोठी घडामोड. परेड ग्राउंडच्या मागे सैनिकी म्युझियम आहे. दूध आणायला लांबून गेलो तेव्हा गेटवर कागद दिसला: मदतनीस पाहिजे, लष्करी वस्तूंची आवड असावी, शिक्षणाची अट नाही.

शिक्षणाची अट नाही. म्हणजे माझ्यासाठीच लिहिलाय, फक्त नाव घातलेलं नाही.

प्लॅन: हत्यारं घेऊन जायचं. काचेच्या कपाटात ठेवतील. खाली काकांच्या नावाची पाटी, "गुप्त मोहिमांमधील हत्यारं", आणि त्याखाली बारीक अक्षरांत संशोधक म्हणून मी. मग ते विचारतील, हे सगळं तुम्ही एकट्याने ओळखलंत? मी मान हलवीन. नोकरी पक्की. शेड कॅन्सल. काकांना या घराने जे दिलं नाही ते मी देणार.

निश्चय: उद्या जायचं.

१२ फेब्रुवारी

गेलो. गेटवरच्या गार्डने काय पाहिजे विचारलं. मी त्याला टाइम विचारला. त्याने सांगितला. परत आलो.

पहिल्या भेटीत निरीक्षणच करायचं असतं.

१४ फेब्रुवारी

पुन्हा गेलो. तोच गार्ड. माझ्याकडे बघून त्याने न विचारताच टाइम सांगितला.

ड्यूटी बदलेपर्यंत थांबायचं. घाई नाही.

१५ फेब्रुवारी

पप्पा जेवताना म्हणाले, ट्रंक झाली का, नसेल तर रविवारी भंगारवाल्याला देतो. मी ताटातून मान वर केली आणि स्पष्टपणे "नाही" म्हणालो. ताई आली होती, ती म्हणाली, अगंबाई, याला आवाज आहे. दाजी म्हणाले, अनम्यूट झाला रे झाला.

पप्पा हसले नाहीत. दादाची हत्यारं आहेत का त्यात, म्हणाले. मी हो म्हटलं. बरं, राहू दे मग, म्हणाले आणि पाणी प्यायले. एवढंच. सख्ख्या भावाबद्दल एवढंच. दगड आहे हा माणूस.

१७ फेब्रुवारी

अडचण.

आज तेल पुसताना लक्षात आलं की प्रत्येक हत्यारावर, मुठीच्या जरा वर, काहीतरी ठोकलेलं आहे. बारीक अक्षरं आणि आकडे. काकांचं आडनाव आणि एक नंबर. चाकूवर, पकडीवर, कानसेवर, सगळीकडे.

आता एक परदेशी माणूस आहे, दाढीवाला, त्याचे व्हिडिओ मी रोज बघतो. तो स्पष्ट सांगतो, खऱ्या गुप्त हत्यारांवर कधीही खूण नसते. पकडली गेली तर कळू नये कोणाची. नाव-नंबर घातलेलं म्हणजे स्टोअररूमचा माल.

जेवण गेलं नाही.

१८ फेब्रुवारी

उत्तर सापडलं. खुणा नंतरच्या आहेत. पुरावा: अक्षरं सरळ रेषेत नाहीत. चाकूवरचं पहिलं अक्षर तर चक्क वाकडं आहे, पडल्यासारखं. लष्करात असलं काम चालत नाही. कोणीतरी नंतर, अडाणी माणसाने, घरच्या घरी बडवलेलं आहे. म्हणजे मूळ हत्यारं बिनखुणांची होती. म्हणजे मी बरोबर होतो.

खुणा काढल्या की वस्तू मूळ रूपात येतील. याला जीर्णोद्धार म्हणतात.

२० फेब्रुवारी

दाजींच्या शेडवर गेलो. ग्रायंडर पाहिजे, हे फोनवर टाइप करून दाखवलं. दाजी एवढे खूश झाले की विचारूच नका. ताईला फोन लावून म्हणाले, तुझा भाऊ स्वतःहून आलाय, तारीख तरी कुठली आहे बघ आज. स्वतःचा गॉगल मला घातला.

हात स्थिर ठेवला. सगळ्या खुणा गेल्या, नावानिशी. मग पॉलिश पेपर मारला. मग दाजींचा काळा स्प्रे. आता हत्यारं सिनेमातल्यासारखी दिसतात. दाजी म्हणाले, हात चांगला आहे रे तुझा, एक खड्डा पडला नाही. अशा माणसाची शाबासकी घ्यावी की नाही, हा प्रश्न आहे. घेतली.

येताना एक हलका विचार आला, की आता यांच्यावर काही नाही तर ही काकांचीच कशावरून. पण मी आहे ना सांगायला.

२२ फेब्रुवारी

आरशासमोर भाषण पाठ केलं. नमस्कार, मी एका गुप्त सैनिकाचा पुतण्या. जोरात म्हटलं तर आईने बाहेरून विचारलं, कोण आलंय.

२५ फेब्रुवारी

गार्ड बदलला. आत गेलो.

पद्धतशीर लिहितो. डोकं शांत ठेवून.

म्युझियमच्या मॅडम. पांढरे केस, चष्मा दोरीला. काय आणलंय, म्हणाल्या. मी भाषण सुरू केलं, पण "नमस्कार" मधला न कुठेतरी अडकला. फोनवर "माझ्या काकांची" एवढं टाइप करून दाखवलं आणि गुंडाळी टेबलावर ठेवली. त्यांनीच सोडली. पट्टे सोडतानाच त्यांचा चेहरा फुलला. अरे वा, नालबंदाचा पूर्ण संच, म्हणाल्या.

मी मान हलवली. नाही या अर्थी. त्यांना हो वाटलं.

मग त्या सुरूच झाल्या. या वळलेल्या चाकूने खुराचा तळ सोलायचा. या पकडीने खूर दाबून बघायचं, कुठे दुखतंय ते जनावर सांगतं. म्हणून ती मिटत नाही, मधे खूर असतो. ही सळई दातांसाठी, खेचराच्या दाढा घासायच्या, नाहीतर गाल फाटतो आतून. आणि हा दांडका, हा कोणाला ओळखता येत नाही. फासात खेचराचा वरचा ओठ घालून पिळायचं. मग ते नाल ठोकेपर्यंत गप्प उभं राहतं.

मी गप्प उभा होतो.

मॅडम म्हणाल्या, बाळा, पूर्ण संच आम्हाला आजवर मिळालेला नाही. तोफा सगळे देतात. खेचरांच्या पायाशी बसलेल्या माणसाचं कोणी काही जपत नाही. आमच्याकडे एक कपाट रिकामं ठेवलंय त्यासाठी. मग म्हणाल्या, नाव-नंबर बघू. हे लोक आपल्या हत्यारांवर ठोकून घेतात, छावणीत चोरीला जातात ना, आणि एकेकाची हत्यारं त्याच्या हाताला बसलेली असतात. चष्मा लावून त्यांनी चाकू उलटा केला. सुलटा केला. मुठीच्या वर बोट फिरवलं. स्प्रेचा काळा रंग बोटाला लागला.

हे कोणी केलं, म्हणाल्या.

मी खांदे उडवले. खांदे कोणाचेही उडू शकतात.

त्यांनी एकेक काढून बघितलं. सगळी. मग चष्मा सोडला. म्हणाल्या, नंबर कागदपत्रांत मिळेल रे, पण तो या हत्यारांवर होता हे मी कशावरून लिहू? आता ही बाजारातून रंगवून आणलेली दिसतात. घासण्याआधीचा एखादा फोटो असला, खूण दिसणारा, तर घेऊन ये. मग कपाट तुमच्या काकांचं.

मग विचारलं, काका कधी काही सांगायचे का याबद्दल?

मी म्हटलं, रेंज. एवढंच निघालं तोंडातून.

मदतनीसाचं विचारायचं राहिलं. बाहेर आलो तर गेटवरचा कागद काढलेला होता.

२५ फेब्रुवारी, संध्याकाळ

शांतपणे विचार करता परिस्थिती वाईट नाही. फोटो पाहिजे, आणि फोटो माझ्याकडे भरपूर आहेत. मी पहिल्या दिवसापासून रेकॉर्ड ठेवत होतो. याला दूरदृष्टी म्हणतात. खेचर तर खेचर. नालबंदही चालेल. कपाट काकांचं झालं म्हणजे झालं.

सगळे फोटो उद्या नीट बघायचे.

२७ फेब्रुवारी

बघतोय.

२८ फेब्रुवारी

ट्रंक पॅसेजमध्ये आणली. पप्पा म्हणाले, बघू दादाची हत्यारं. मी म्हटलं, नंतर. त्यांनी स्वतःच गुंडाळी सोडली. चाकू घेतला आणि अंगठा सरळ त्या जागेवर नेला. न बघता. तिथे काही लागलं नाही म्हणून पुन्हा फिरवला. मग उजेडात नेला.

यावर दादाचं नाव होतं, म्हणाले.

आई बाहेर आली, परत आत गेली.

पप्पा म्हणाले, सुट्टीवर आला होता तेव्हा घरीच ठोकलं होतं, मागच्या अंगणात. हातोडा दादाचा, अक्षराचा खिळा मी धरला होता. मी लहान. घाव घालताना मी डोळे मिटले आणि हात हलला. पहिलं अक्षर वाकडं पडलं. मला वाटलं, आता मार बसणार. दादा म्हणाला, राहू दे, त्याशिवाय मला कळणार कसं की हा चाकू माझा.

पप्पा एवढं सलग बोललेले मी पहिल्यांदा ऐकले.

मग म्हणाले, कोणी घासलं. आवाज चढला नव्हता. मी दाजींच्या शेडकडे हात केला. दाजींच्या ग्रायंडरनेच झालं ना ते. तांत्रिकदृष्ट्या.

पप्पांनी दाजींना फोन केला नाही. माझ्याकडे बघत राहिले. साहेबही म्हणाले नाहीत.

१ मार्च, सकाळ

भाडेकरू आले. काकांच्या खिडकीला पडदा लावला. आजपासून शेडवर जायचंय, दाजींनी जुना डबा आणि नवे हातमोजे पाठवलेत. हातमोजे मापाचे आहेत. हे मुद्दाम केलंय की काय, कळत नाही.

निघताना पप्पा म्हणाले, आई म्हणते तुझ्याकडे आधीचे फोटो आहेत. दाखव.

मी टाळत होतो, पण फोन दिला. पॅसेजमध्ये बसून त्यांनी एकेक बघितला. पकडीबरोबर मी. कानसेबरोबर मी. सळईबरोबर मी, हसणारा. सगळीकडे ग्रिप तीच. सगळीकडे मुठीच्या वर, लोखंडावर, दाबून धरलेला अंगठा.

चाकूच्या फोटोवर थांबले. हाच तो, डोळ्यांत काहीतरी आहे तो. पप्पांनी फोन लांब धरला, जवळ धरला. अंगठ्याच्या बाजूला एक रेघ दिसते. बारीक, तिरकी. वाकड्या अक्षराचा पाय असेल. किंवा ओरखडा.

मग त्यांनी विचारलं, यातून तुझं तोंड काढता येतं का?

मी म्हटलं, येतं. क्रॉप करून दिला. मी गेलो, खिडकी गेली, काकांची कॉट गेली. उरला नुसता अंगठा.